डिजिटल ग्रंथालयाची सुरुवात कपाटापासून

शाळेला चार टॅब मिळाले, भिंतीवर एक मोठा पडदा चढला, की दारावर पाटी लागते : ‘डिजिटल ग्रंथालय’. शेजारच्या कपाटातल्या पुस्तकांची नोंद मात्र अजून जुन्या दाखलनोंद रजिस्टरातच असते. अमुक पुस्तक शाळेत आहे की नाही, हे एकट्या ग्रंथपाल बाईंना ठाऊक. त्या रजेवर गेल्या की कपाटाला कुलूप. अशा पाटीमागे जे समज घट्ट बसले आहेत, ते एकदा तपासून घेतलेले बरे.

गैरसमज : ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर म्हणजे लाखाचा खर्च.

न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या ग्रंथालय न्यासाची जुनी संगणकप्रणाली २००० साल उजाडताच कोलमडेल अशी भीती होती. म्हणून १९९९मध्ये त्यांनी ‘कोहा’ ही नवी प्रणाली करून घेतली आणि ती जगाला मोफत खुली केली. आज ती कोणीही वापरू शकतो. आपल्याकडे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ प्रणाली आहे. ती मुख्यतः सरकारी ग्रंथालयांसाठी. मोफत असली तरी ‘कोहा’ला सर्व्हर लागतो आणि तो सांभाळणारा माणूसही लागतो, हे लक्षात ठेवावे. हजार-दीड हजार पुस्तकांच्या शाळेने त्या फंदात न पडता साधी एक्सेल शीट करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. दाखल क्रमांक, नाव, लेखक, विषय, कपाट आणि सध्या पुस्तक कोणाकडे आहे, एवढे रकाने देवघेवीला पुरतात.

पैशापेक्षा खरी अडचण टंकलेखनाची आहे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये भरलेली यादी छापल्यावर सुरेख दिसते, पण तिच्यात शोध घेता येत नाही; दुसऱ्या संगणकावर तर ती अगम्य चिन्हांची रांगोळी होते. नोंद युनिकोडमध्येच हवी. शिवाय एका नोंदीत ‘पु. ल. देशपांडे’, दुसरीत ‘देशपांडे पु.ल.’ आणि तिसरीत नुसते ‘पुलं’ असेल, तर संगणकाच्या लेखी ते तीन लेखक. नाव लिहिण्याची एकच रीत आधी ठरवा आणि ती कपाटाच्या दारावर चिकटवा.

गैरसमज : आता सगळी पुस्तके नेटवर आहेत.

भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे ‘श्यामची आई’ २०११च्या आरंभापासून सर्वांना मुक्त आहे. पुलं २००० साली गेले. त्यांची पुस्तके २०६० संपेपर्यंत तशी मुक्त होत नाहीत. म्हणजे आजची मुले जे मराठी लेखक आवडीने वाचतात, त्यांतल्या बहुतेकांची पुस्तके विकतच घ्यावी लागणार. व्हॉट्सअ‍ॅप गटात फिरणारी पीडीएफ हे त्यावरचे उत्तर नव्हे. शिकवताना लागणारा मजकूर वापरण्याची मोकळीक कायदा शिक्षकांना देतो. पण अख्खी कादंबरी पालकांच्या गटात टाकणे म्हणजे अध्यापन नाही.

अधिकृत आणि फुकट असे जे आहे, तेही थोडे नाही. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघते आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर वाचायला मिळतात. पन्नासहून अधिक वर्षांच्या गोष्टी, कोडी, चित्रे त्यात आहेत. तरीही शाळांच्या याद्यांत त्याचे नाव क्वचित दिसते, याचे नवल वाटते. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी चित्रकथा आहेत. परवाना खुला असल्याने श्रेय देऊन त्या छापता येतात, मुलांकडून बोलीत भाषांतरही करवून घेता येते. संदर्भासाठी मराठी विश्वकोश आहे. त्याचे खंड १९७०च्या दशकापासून निघत आले, म्हणून लोकसंख्या, उत्पादन असे आकडे त्यातून जसेच्या तसे उतरवू नयेत.

आयआयटी खरगपूरने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय प्रचंड आहे, पण त्याचा मुख्य उपयोग शोधासाठी. त्यात दिसणारे प्रत्येक पुस्तक तिथेच उघडेल असे नाही. ‘दीक्षा’ तर पाठ्यपुस्तकाच्या क्यूआर कोडला जोडलेली अभ्यासाची सोय. तिला अवांतर वाचनाचे ग्रंथालय समजू नये.

गैरसमज : गावात रेंज नाही, तर काहीच करता येणार नाही.

‘किविक्स’ हे मोफत साधन आहे. विकिपीडियाची अख्खी प्रत एकदा उतरवून घेतली की ती नेटशिवाय चालते. ‘स्टोरीवीव्हर’च्या गोष्टीही पीडीएफ करून पेनड्राइव्हवर नेता येतात.

गैरसमज : पडद्यावर वाचले काय नि कागदावर वाचले काय, सारखेच.

२०१८ साली ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. माहितीपर मजकूर कागदावर वाचणाऱ्यांना तो अधिक नीट समजला, आणि वेळेची घाई असेल तेव्हा हा फरक वाढला. कथांमध्ये मात्र तसा फरक आढळला नाही. त्यामुळे टॅब आले म्हणून पुस्तकांची तरतूद कापणाऱ्या संस्थाचालकांनी थोडे थांबावे.

ग्रंथपालाची गरज संपली, हाही तसाच समज. एआयला पुस्तके सुचवायला सांगितली तर ते कधी कधी अस्तित्वात नसलेली नावेही ठामपणे सांगते. सातवीतल्या मुलाला ते कसे कळणार?

मुख्याध्यापकांना एवढीच विनंती : यंदाच्या साठा पडताळणीला रजिस्टरासोबत एक लॅपटॉप घेऊन बसा. आठवी-नववीची दोन मुले टंकलेखनाला घ्या, यादी पूर्ण करा आणि ती प्रत्येक वर्गात लावा. टॅबची मागणी त्यानंतर करा.