घरी इलेक्ट्रिक गिटार बनवताय? आधी नेक अँगल समजून घ्या

व्हिडिओ बघून घरी इलेक्ट्रिक गिटार बनवायचं वेड आता नागपूरपर्यंत पोहोचलंय. लाकूड आपल्या विदर्भातच मिळतं, पिकअप आणि ट्यूनर ऑनलाइन येतात. बॉडी कापून, पॉलिश करून गिटार दिसायलाही मस्त होते. पण तारा लावल्यावर कळतं की त्या फ्रेटबोर्डपासून खूप वर आहेत आणि ब्रिजचे स्क्रू पूर्ण खाली नेले तरी खाली येत नाहीत. दाबून बोटं दुखतात. हा दोष बहुतेक वेळा नेक अँगलचा असतो. नेक फेविकॉलने चिकटवून झाला असेल, तर तो दुरुस्त करणं फार कठीण. म्हणून हे गणित लाकूड कापायच्या आधीच करायचं.

नेक अँगल म्हणजे नेमकं काय?

बॉडीचा वरचा भाग सपाट धरा. त्याच्या तुलनेत नेक मागच्या बाजूला किती झुकलाय, तो कोन म्हणजे नेक अँगल. हा कोन ठरतो ब्रिजच्या उंचीवरून. ब्रिज बुटका असेल तर कोन शून्य चालतो. ब्रिज उंच असेल तर नेक मागे झुकवावा लागतो, नाहीतर तारा फ्रेटपासून लांब राहतात.

फेंडरची टेलिकास्टर आणि १९५४ ची स्ट्रॅटोकास्टर बघा. ब्रिज बुटका, नेक स्क्रूने बसवलेला आणि कोन जवळजवळ शून्य. गिब्सनच्या लेस पॉलमध्ये नेक चिकटवलेला आणि मागे झुकलेला असतो, कारण तिचा ब्रिज उंच आहे.

खुद्द गिब्सनलाही हे पहिल्याच वेळी जमलं नव्हतं. १९५२ मध्ये लेस पॉल बाजारात आली तेव्हा तिचा नेक अँगल इतका कमी होता की तारा ब्रिजच्या दांड्यावरून न्यायच्या ऐवजी खालून न्याव्या लागल्या. त्यामुळे उजव्या हाताचा तळवा तारांवर ठेवून वाजवणं अवघड झालं. १९५३ मध्ये कंपनीने ब्रिज बदलला आणि नेकचा कोनही वाढवला.

अंश नको, मिलिमीटर मोजा

फोनमधलं लेव्हल अ‍ॅप उघडून कोन मोजावा असं वाटेल, पण त्यावर विसंबू नका. अनेक अ‍ॅप पूर्ण अंशातच आकडा दाखवतात, शिवाय कॅमेऱ्याच्या फुगवट्यामुळे फोन सपाट बसत नाही. २५० मिमी अंतरावर १ अंश म्हणजे जवळपास ४.४ मिमी उंचीचा फरक. गिटारमध्ये अर्धा मिमीसुद्धा बोटांना जाणवतो. त्यामुळे उंची मोजायची आणि कोन कॅल्क्युलेटरने काढायचा.

१. नेक सरळ आहे का ते आधी बघा. तो वाकलेला असेल तर ट्रस रॉडने सरळ करा. ट्रस रॉड नेकचा बाक काढतो, त्याने नेक अँगल बदलत नाही. ही दोन वेगळी कामं आहेत.

२. नेक खाचेत तात्पुरता बसवा. २ फुटी स्टीलची पट्टी फ्रेटवर आडवी न ठेवता लांबीने ठेवा, म्हणजे तिचं टोक ब्रिजच्या जागेवर येईल.

३. ब्रिजच्या जागी बॉडीपासून पट्टीच्या खालच्या कडेपर्यंतची उंची मोजा. आकडा नीट दिसत नसेल तर फोनने जवळून फोटो काढून झूम करा. समजा १०.५ मिमी आली.

४. ब्रिजचा स्क्रू मधोमध ठेवून, तार जिथे टेकते तिथली उंची मोजा. समजा १७ मिमी. स्क्रू मधोमध ठेवायचा, कारण नंतर वर-खाली करायला दोन्हीकडे जागा हवी.

५. तार फ्रेटवर टेकलेली नसते. १२ व्या फ्रेटवर साधारण १.७ मिमी अंतर हवं असेल, तर ब्रिजपाशी ती फ्रेटच्या रेषेपासून जवळपास ३ मिमी वर जाते.

आता हिशोब: १७ वजा ३ वजा १०.५ म्हणजे ३.५ मिमी. पट्टीचं टोक ब्रिजपाशी इतकं वर यायला हवं.

खाचेच्या तोंडापासून, म्हणजे हेडस्टॉककडच्या कडेपासून, ब्रिजपर्यंत २५० मिमी असेल तर ३.५ भागिले २५० म्हणजे ०.०१४. दहावीतली त्रिकोणमिती आठवा, हा कोनाचा टॅन आहे. फोनचा सायंटिफिक कॅल्क्युलेटर काढून उलट टॅन दाबलं की उत्तर येतं ०.८ अंश.

पाचर कुठे लावायची?

स्क्रूने बसवलेल्या नेकमध्ये हा कोन छोट्या पाचरीने मिळतो. खाच ७० मिमी लांब असेल तर ब्रिजकडच्या टोकाला १ मिमी जाड आणि तोंडाला शून्य अशी लाकडी पाचर पुरते. तिथला १ मिमी ब्रिजपाशी साधारण ३.६ मिमी होतो. पाचर पूर्ण खाचेभर असावी. पुठ्ठ्याचा तुकडा नुसता एका टोकाला ठेवला तर मधे पोकळी राहते.

लक्षात ठेवा: ब्रिज पूर्ण खाली करूनही तारा उंच असतील तर जाड टोक ब्रिजकडे. ब्रिज पूर्ण वर करूनही तारा फ्रेटला घासत असतील तर जाड टोक हेडस्टॉककडे.

नेक चिकटवणार असाल तर पाचरीची सोय नाही. कोन खाचेतच कापावा लागतो. त्याआधी टाकाऊ प्लायवर एकदा खाच कापून सगळी मापं तपासा. पहिली गिटार स्क्रूवालीच करा, हा सरळ सल्ला.

नागपूरची हवा विसरू नका

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. जूनमध्ये पाऊस आला की तीच हवा दमट. त्यात घरात कूलर. कूलर पाण्यावर चालतो, म्हणून त्या खोलीत ओलावा बाहेरच्यापेक्षा बराच जास्त. लाकूड ओलावा घेतं आणि सोडतं, नेक त्याबरोबर वाकतो.

म्हणून आणलेलं लाकूड लगेच कापू नका. जिथे गिटार राहणार आहे त्याच खोलीत काही आठवडे ठेवा, पण कूलरच्या झोतात नको. साग वापरत असाल तर चिकटवायच्या थोडं आधी पृष्ठभाग पॉलिश पेपरने ताजा घासा. सागातलं नैसर्गिक तेल वर आलं की डिंक नीट धरत नाही.

पावसाळ्यात तारा अचानक वर-खाली झाल्या तर लगेच पाचर काढू नका. आधी नेकचा बाक बघा, ट्रस रॉड थोडा फिरवा, एक दिवस थांबा. नेक सरळ असूनही ब्रिजची हालचाल संपली असेल, तेव्हाच कोनाला हात लावा.

आणि हो, ब्रिज हातात आल्याशिवाय खाच कापू नका. वेबसाइटवरची मापं आणि प्रत्यक्ष आलेला ब्रिज यात फरक निघू शकतो, आणि इथे सगळा हिशोब त्याच उंचीवर उभा आहे.