नळीच्या तोंडाशी एक मिलिमीटर

१२ बोअरच्या बंदुकीची नळी आतून साधारण साडेअठरा मिलिमीटर रुंद असते. तोंडाजवळ ती किंचित आवळलेली असते, तोच चोक. सगळ्यात घट्ट ‘फुल’ चोकमध्येही हा फरक जेमतेम एक मिलिमीटरचा, पण छर्‍यांचा फैलाव तोच ठरवतो. चाळीस यार्डांवर कागद लावून तीस इंची वर्तुळात किती छरे बसले ते मोजतात. चोक नसेल तर सुमारे ४० टक्के, मधल्या ‘मॉडिफाइड’ला ६०, ‘फुल’ला ७०.

मग सगळे फुलच का वापरत नाहीत? कारण अंतर. ऑलिंपिकच्या स्कीट या नेमबाजीच्या प्रकारात हवेत उडवलेली तबकडी वीसेक मीटरवर आडवी जाते. तिथे मोकळा चोकच हवा, कारण घट्ट फैलावात नेम थोडा चुकला तरी तबकडी निसटते. ट्रॅप या दुसऱ्या प्रकारात ती नेमबाजापासून लांब पळते. काडतुसात छरे फक्त २४ ग्रॅम आणि तबकडी ११ सेंटिमीटरची. फैलाव विरळ झाला की ती छर्‍यांमधल्या फटीतून सहीसलामत जाते. म्हणून त्याच तबकडीवरच्या दुसऱ्या, उशिराच्या बारासाठी बहुतेक जण फुल ठेवतात.

अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी १९९१पासून शिशाचे छरे बंद झाले. पडलेले छरे गिळून बदकांना विषबाधा होत असे. तो निर्णय मला फार मोलाचा वाटतो. शिशाच्या जागी आलेले पोलादी छरे मात्र कडक, दबत नाहीत. त्यामुळे त्यांच्यासाठी चोक एखाद-दुसरी पायरी मोकळा घेतात. फार घट्ट चोकमधून जाड पोलादी छरे झाडले तर नळीचं तोंडच फुगू शकतं.