निजायची खोली, जुन्या वळणाची

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

गेटवे ऑफ इंडियाहून बोटीने निघाले की तासाभरात मांडव्याचा धक्का येतो. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून माणसांना मोटारींसकट आणणारी रो-रो बोट सुरू झाली आणि अलिबाग तालुक्याच्या या टोकाला येणे आणखी सोपे झाले. येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना हॉटेलात उतरायचे नसते, त्यांना 'जुने कोकणी घर' हवे असते. ज्यांच्याकडे खरोखरच तसे कौलारू घर आहे ती मंडळी मात्र उलट विचारात असतात. निवास व न्याहारी योजनेत एखादी खोली द्यावी, चार पैसे मिळावेत, आणि त्यासाठी ती खोली आधी 'चांगली' करावी! मग भिंतींना प्लास्टिक पेंट, खाली चकचकीत फरशी, वर पीओपीचे छत आणि मध्ये प्लायवूडचा पलंग. साठवलेले पैसे त्यात जातात. पाहुणा येतो, खोली बघतो आणि विचारतो, "ते जुने घर कोणते?"

पाहुण्यांचे एक वेळ सोडून देऊ. घरातल्या मुलाचे लग्न ठरले, त्याला स्वतंत्र खोली हवी आणि घर तर पाडायचे नाही, असाही प्रसंग येतो. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच. थोड्या पैशांत जुन्या वळणाची निजायची खोली कशी करायची? माझे उत्तर असे, की यात विकत आणण्याचे काम थोडे असते आणि काढून टाकण्याचे जास्त.

मुळात जुन्या कोकणी घरात 'बेडरूम' नावाची खोली नसायचीच. पडवी, ओटी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, एखादी काळोखी बाळंतिणीची खोली आणि वर माळा. पुरुषमंडळी ओटीवर, बायका-मुले माजघरात. नव्या जोडप्याला फार तर एक खण किंवा माळा. रात्री अंथरुणे पसरायची, सकाळी वळकट्या बांधून कोपऱ्यात चळत रचायची. झोपण्यासाठी म्हणून राखलेली खोली आणि तिच्या मध्यभागी कायमचा मांडलेला पलंग ही चाल रुळली ती इंग्रजी अमदानीत, मुंबईच्या बंगल्यांच्या अनुकरणाने. तेव्हा जुन्यासारखी खोली हवी असेल तर ती भरलेली नको, मोकळी हवी. भिंतीत कोनाडा आणि फडताळ, भिंतीवर खुंट्या, कोपऱ्यात एक पेटी, बस्स. कपड्यांचे भले मोठे कपाट आत आले की निम्मी मजा गेली. भिंती जाड असतील तर फडताळात दोन माणसांचे कपडे सहज मावतात.

दुसरा प्रश्न, खोली कोणत्या काळातली करायची? अलिबागला आंगऱ्यांचा वाडा आहे, तेव्हा कान्होजींच्या काळातली म्हणजे अठराव्या शतकातली खोली करू, असा मोह पडतो. पण नक्षीच्या खांबांना आणि महिरपींना लागणारे सागवान आज परवडणार नाही, आणि प्लास्टर ऑफ पॅरिसची महिरप लग्नमंडपाची आठवण करून देते. रेवदंड्याला १७४० पर्यंत पोर्तुगीज होते म्हणून कोणी पोर्तुगीज थाट सुचवतो. तिथे तट आणि पडके अवशेष आहेत. त्यांवरून शयनगृह कल्पनेनेच रचावे लागेल. सिनेमावाल्यांना हे चालते. २०१२ च्या 'अग्निपथ'मधला मांडवा त्यांनी दीवला उभा केला होता!

मी सुचवीन तो काळ साधारण १९०० ते १९४० चा. कारण त्या काळातल्या वस्तू अजून घरात, निदान गावात शिल्लक आहेत. ज्या मंगलोरी कौलांना आपण परंपरेचे चिन्ह मानतो त्यांचा कारखाना बासेल मिशनने मंगळूरला काढला तो १८६५ मध्ये. त्याआधी घरांवर कुंभाराची नळीची कौले असत. राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत निघाला १८९४ मध्ये, आणि त्यानंतर लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी घरोघर पोहोचल्या. ओगलेवाडीचा 'प्रभाकर' कंदील आला तो गेल्या शतकाच्या पूर्वार्धात. नक्षीच्या सिमेंट-टाइल बनवणारी भारत टाइल्स ही कंपनी १९२२ ची. हे सगळे एकाच खोलीत गुण्यागोविंदाने नांदते, कारण ते एकाच काळातले आहे.

आता भिंती. पैसे थोडे असतील तर पहिल्यांदा इथे खर्च करा, कारण खोलीत शिरल्यावर डोळ्यांना सर्वांत जास्त दिसते ती भिंतच.

जुन्या भिंती दगड-मातीच्या किंवा चुन्यात बांधलेल्या विटांच्या. त्या जमिनीतली ओल शोषतात आणि पृष्ठभागावरून हवेत सोडून देतात. वर चुन्याचा हात असेल तर हे येणे-जाणे चालू राहते. त्यावर सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिक पेंट चढवला की ओलीची वाट बंद होते. ती आत साठते, वर चढते, आणि सोबत विरघळलेले क्षार घेऊन येते. पाणी उडून गेले की क्षारांचे स्फटिक होतात आणि रंगाला आतून ढकलतात. मग पापुद्रे सुटतात, पांढरी भुकटी झडते. यालाच आपण भिंतीला लोणा लागला म्हणतो. समुद्रकाठच्या हवेत मीठ असतेच, त्यात बांधकामाची वाळू खारी असली की बघायलाच नको. दर दोन वर्षांनी घरमालक पुन्हा महागडा रंग लावतो आणि 'जुने घर, ओल येणारच' म्हणून घराला बोल लावतो.

उपाय जुनाच आहे आणि स्वस्त आहे. पेंट खरवडून काढायचा, सुटलेला गिलावा पाडायचा, ती जागा चुना-वाळूने भरायची आणि वर चुन्याची सफेदी. हे खरवडणे किचकट, धुळीचे काम आहे, पण ते टाळून चालत नाही. तेलरंगावर किंवा प्लास्टिक पेंटवर चुना धरत नाही. दहा बाय बारा फुटांची, नऊ फूट उंचीची खोली असेल तर चार भिंतींचे क्षेत्र दारे-खिडक्या धरून चारशे चौरस फुटांच्या आत येते. घरच्या दोघांनी आठवडाभरात उरकण्याजोगे.

कळीचा चुना मिळाला तर उत्तम. तो लोखंडी पिंपात भिजवायचा. पाण्यात थोडा थोडा चुना टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचे नाही. त्याला उकळी फुटते आणि शिंतोडे उडतात. प्लास्टिकची बादली अजिबात नको. डोळ्यांना चष्मा, हातांत रबरी मोजे, आणि मुलांना दूर ठेवायचे. डोळ्यांत गेलाच तर भरपूर पाण्याने बराच वेळ धुऊन थेट डॉक्टरकडे. ही यातायात नको असेल तर दुकानात विझवलेल्या चुन्याची भुकटी मिळते, ती रात्रभर भिजवली तरी काम भागते. चुना फडक्यातून गाळून दुधाइतका पातळ करायचा. त्यात थोडा डिंक किंवा सरस, म्हणजे भिंतीला पाठ टेकली तर कपडे पांढरे होत नाहीत. भिंत आधी पाण्याने ओलसर करायची आणि एकावर एक तीन-चार पातळ हात द्यायचे, प्रत्येक हात वाळू देऊन. पहिला हात बघून निराश होऊ नका. ओला चुना पारदर्शक दिसतो. वाळताना तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी बनतो आणि पांढरा होत जातो. जाड लेप एकदाच थापला तर त्याला तडे जातात. कडक उन्हात आणि पावसाळ्यात हे काम करू नये.

पांढऱ्या रंगात चिमूटभर नीळ घातली की पिवळट झाक जाते. रंग हवा असेल तर मातीचेच घ्यावेत, म्हणजे गेरू किंवा पिवडी, कारण चुन्यात सगळेच रंग टिकत नाहीत. जमिनीपासून तीनेक फुटांपर्यंत गेरूचा पट्टा आणि वर पांढरे, ही जुनी रीत आहे. टेकणाऱ्या पाठींचे आणि मुलांच्या हातांचे डाग त्या पट्ट्यात लपतात.

जमिनीबद्दल थोडक्यात सांगतो. शेणाने सारवलेली जमीन सुंदर, पण ती दर आठ-पंधरा दिवसांनी सारवणारे हात असतील तरच. नाहीतर लाल रंग घातलेला सिमेंटचा कोबा करावा. आपल्या देशात सिमेंट १९१४ पासून बनू लागले, तेव्हा आपण ठरवलेल्या काळात तो बसतो. आधीच चकचकीत फरशी बसवून झाली असेल तर ती फोडत बसू नका, वर चटई किंवा सतरंजी अंथरा. पीओपीचे छत मात्र करूच नये. आढे, वासे आणि कौले हेच या खोलीचे छत. कौलांतून धूळ-कचरा पडत असेल तर वाशांखाली बांबूचे तट्टे बसवावेत. खोली काळोखी असेल तर एक-दोन कौलांच्या जागी काचेची कौले घालावीत. त्यांतून उतरणारा उन्हाचा तुकडा दिवसभर भिंतीवरून सरकत राहतो.

फर्निचरसाठी मुंबईच्या चोर बाजारात, मटण स्ट्रीटवर जाण्याआधी आपला माळा बघा. जुना पलंग मोडून वर टाकलेला असतो, पाट असतात, पत्र्याची पेटी असते. काहीच नसले तर सुताराकडून साधी लाकडी खाट करून घ्या आणि तिला नवार विणा. दमट हवेत नवारीची खाट गादीखालून वारा खेळू देते, आणि सैल झाली की घरीच आवळता येते. वर कापसाची गादी, पांढरी चादर आणि पायथ्याशी जुन्या लुगड्यांची गोधडी. गोधडी मात्र विकत आणू नका. शिवणाऱ्या बाया अजून आहेत, आणि घरातली लुगडी तर पेटीतच पडून असतात.

एक गोष्ट मला खुपते. गावात जुने घर पाडले जाते तेव्हा दारे, खिडक्या, खांब लाकडाच्या भावाने, तेही ढिगाने विकले जातात. तेच दार शहरात 'अँटिक' म्हणून उभे राहते आणि मग कोणाच्या तरी बंगल्यासाठी पुन्हा याच किनाऱ्यावर येते, अर्थात वेगळ्या किमतीला. शेजारी घर पाडत असतील तर आधी जाऊन विचारा. चार झडपांची एखादी खिडकी मिळाली तरी खोलीचा चेहरा बदलतो. तिच्या खालच्या झडपा लावून वरच्या उघड्या ठेवल्या की आडोसाही राहतो आणि वाराही येतो. पडद्याची गरज उरत नाही.

बाजारात घ्यायचेच झाले तर नव्या लाकडाला काळपट रंग देऊन जुने म्हणून विकणारे असतात, हे लक्षात ठेवा. खण ओढून मागून बघा, वस्तू उलटी करून बघा. जुन्या कामात एका फळीची जीभ दुसरीच्या खाचेत बसवलेली आणि वर लाकडी खुंटी ठोकलेली असते. हात जिथे रोज लागतो तिथेच झीज दिसली पाहिजे. सगळीकडे सारखी झीज म्हणजे कानशीची करामत. वस्तू ठोकल्यावर बारीक भुसा पडला तर कीड लागलेली आहे, घरात आणू नका. घरच्या लाकडाला चकचकीत पॉलिशऐवजी जवसाचे तेल पातळ करून चोळावे. ते चोळलेल्या चिंध्या मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवाव्यात.

दिव्यांच्या बाबतीत हौस जरा आवरावी लागते. कंदील खुंटीला टांगा, पण त्यात पिवळसर प्रकाशाचा एलईडी दिवा घाला. काळी गोल बटणे लाकडी पट्टीवर छान दिसतात. त्यांच्यामागची तार नवी, तांब्याची हवी आणि काम परवानाधारक वायरमनचे हवे. जुन्या कापडी वेष्टणाच्या तारा खाऱ्या हवेत फार धोक्याच्या. मच्छरदाणी लपवायची गरज नाही, खाटेला चार काठ्या लावून ती ऐटीत टांगा. भिंतीवर एखादीच तसबीर, खिळ्याला वरच्या बाजूने थोडी पुढे झुकलेली, जशी आजोबांच्या घरी असायची.

पावसाळ्यात गेटवेच्या लहान बोटी बंद असतात आणि पाहुणेही थोडे. या दिवसांत खोलीला कुलूप लावून ठेवू नका. दिवसातून एकदा झडपा उघडा, गादी भिंतीपासून दूर ठेवा. पाऊस संपून भिंती पुरत्या वाळल्या की दिवाळीआधी चुन्याचा एक हात फिरवा, पुरे होतो. पिंपात उरलेला चुना फेकू नका. वर चार बोटे पाणी राहील एवढे बघून झाकण घाला. तो पुढच्या दिवाळीला चालतो, आणि मुरलेला चुना ताज्यापेक्षा भिंतीला चांगला धरतो.