व्हिक्टोरिया सरोवराची उलटी टक्केवारी

पूर्व आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात १९६९ ते १९७१ दरम्यान तळाशी जाळी ओढून पाहणी झाली. जाळ्यात आलेल्या मासळीपैकी वजनाने सुमारे ८० टक्के मासळी सिक्लिड कुळातल्या बोटभर लांबीच्या स्थानिक जातींची होती. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात हा वाटा एक-दोन टक्क्यांवर आला. जाळी भरू लागली एकाच परक्या माशाने: नाईल पर्च.

सरोवर लहान नाही. ६८,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्शाहून मोठे. १९५४च्या सुमारास युगांडाच्या बाजूने हा मासा गुपचूप सोडला गेला, १९६२-६३मध्ये उघडपणे. काटेरी, कमी भावाची चिल्लर मासळी पर्चने खावी आणि तिचे विकाऊ मांस व्हावे, हा हेतू. पर्च दोन मीटर लांब आणि २०० किलोपर्यंत वाढू शकतो. दोनेक दशके तो दबून राहिला आणि १९८०च्या आगेमागे एकदम उसळला.

सरोवरात सिक्लिडच्या ५००हून अधिक जाती होत्या. कुणी शेवाळ खरवडणारी, कुणी शंख फोडणारी, कुणी दुसऱ्याची पिल्ले मटकावणारी. त्यांतल्या बहुतेक गेल्या १५,००० वर्षांत इथेच घडल्या असे मानतात. सुमारे २०० नाहीशा झाल्याचा अंदाज आहे.

मत्स्यखात्याच्या वहीत मात्र यशच दिसते. १९७०च्या दशकात वर्षाला लाखभर टन मासळी निघे, १९९०च्या सुमारास पाच लाख टन. पण टनावरून मासळी कुणाच्या ताटात गेली ते कळत नाही. सिक्लिड उन्हात वाळत. पर्च तेलकट, त्याला धुरी द्यावी लागते, म्हणजे काठावरची झाडे सरपणात जातात. चांगला माल कारखान्यांत कापून युरोपला जातो. आपल्याकडच्या घोळीच्या बोतासारखी पर्चच्या पोटातली हवेची पिशवीही वेगळी काढून चीनला विकली जाते.

सगळे खापर पर्चवर फोडता येत नाही. शेतातून आणि वस्त्यांतून आलेल्या फॉस्फरसने शेवाळ माजले, पाणी गढूळ झाले, खोल थरातला प्राणवायू घटला. सिक्लिडची मादी रंग पाहून नर निवडते. ज्या दोन जातींत एकीचा नर तांबडा आणि दुसरीचा निळा, तिथे गढूळ पाण्यात मादीला फरकच दिसत नाही आणि संकर होतो. ओले सीहाउसेन आणि सहकाऱ्यांनी १९९७मध्ये हे दाखवून दिले. अशी जात कुणी न खाताही संपते. किती जाती पर्चने गिळल्या आणि किती गढूळ पाण्याने, हा हिशेब म्हणूनच वेगळा काढता येत नाही.

१९९०च्या दशकात अति मासेमारीने पर्च घटला, तेव्हा काही सिक्लिड परतले. पण मुख्यतः प्लवक आणि तळचा गाळ खाणारे. आणि पर्च आणखी घटू नये म्हणून काठावरच्या टांझानिया, युगांडा, केनिया या तिन्ही देशांत आता ५० सेंटिमीटरहून लहान नाईल पर्च पकडायला बंदी आहे.