दोऱ्याची पारख विस्तवाने, पण बेताने

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात धर्मभगिनी शिवणवर्ग चालवितात. चौदा मुली, चार गृहिणी, तीन पायमशीन आणि एक इस्त्री एवढाच त्याचा पसारा. यंदा सिस्टरांनी पहिल्या दिवशी कात्री हाती न देता प्रत्येकीला घरून एक चिंधी आणावयास सांगितले. एका मुलीने वडिलांच्या सदऱ्यासाठी बाजारातून घेतलेल्या कापडाचा तुकडा आणला. "दुकानदारानं सुती म्हणून सांगितलंय, फादर," ती म्हणाली. तुकडा चिमट्यात धरून मेणबत्तीजवळ नेला. तो ज्योतीपासून आधी आखडला, मग वितळत काळा धूर सोडू लागला. विझल्यावर टोकाला काळा, टणक मणी राहिला. नखाने दाबून फुटेना. सुताची राख अशी होत नाही. कापड पॉलिएस्टरचे होते.

पैशांत फसलो एवढ्यावर हे संपत नाही. दोन वर्षांपूर्वी थंडीच्या दिवसांत आमच्याच एका वाडीत न्हाणीच्या चुलीपुढे बसलेल्या बाईच्या पदराने पेट घेतला. साडी नायलॉनची होती. घरच्यांनी आग लगेच विझवली, पण वितळलेले कापड दंडाला व पाठीला चिकटून बसले. घाबरलेल्या माणसांनी ते ओढले, त्याबरोबर कातडीही आली. वर हळद थापली. आम्ही भेटीला गेलो तेव्हा जखमेतून ती हळद काढण्याचेच काम चालले होते. बाई वाचली; परंतु उजवा हात आजही खांद्यावर जात नाही. लावणीला येते, भारा उचलीत नाही. तिची मुलगी यंदा वर्गात आहे.

म्हणून दोऱ्याची जात ओळखणे हा आम्ही आरोग्याचाच विषय मानतो. कापूस वनस्पतीचा तंतू. तो कागदासारखा भरभर जळतो, वासही जळक्या कागदाचा, आणि मागे मऊ करडी राख राहते. लाकडाच्या लगद्यापासून केलेले रेयॉनही जवळजवळ तसेच जळते. त्यामुळे 'आर्ट सिल्क' म्हणून विकलेली साडी रेशमाची नाही हे ज्योतीवर लगेच कळते. खरे रेशीम आणि लोकर प्राण्यांचे तंतू. त्यांना केस जळल्याचा वास येतो, ते सावकाश जळतात, बहुधा ज्योत काढताच विझतात, आणि काळी राख बोटांत चुरते. धनगराची घोंगडी चुलीजवळ किती निर्धास्त वापरली जाते ते आपल्या आजीला कोणी शिकविले नव्हते. थंडीत लोकरीचे म्हणून जे स्वस्त स्वेटर मिळतात, पूर्वी 'कॅशमिलॉन' म्हणत ते, ते लोकर नसून ॲक्रिलिक असतात. ते भडकून जळतात व त्यांचे जळते थेंब गळतात.

नायलॉन १९३५ साली अमेरिकेत आणि टेरेलीन १९४१ साली इंग्लंडमध्ये प्रथम तयार झाले. ही कापडे टिकाऊ, लवकर वाळणारी, पावसाळ्यात सोयीची. त्यांना शिव्या देण्याचे कारण नाही. पण ती विस्तवापुढे वितळतात आणि वितळलेला रस कातडीला धरून राहतो.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. पुष्कळांचा समज असा की टेरिकॉटमध्ये निम्मे सूत असते, म्हणजे धोकाही निम्मा. तसे नाही. निव्वळ पॉलिएस्टर वितळून ज्योतीपासून दूर आखडते. मिश्र कापडातले सूत मात्र जळतानाही उभे राहते आणि समईतील वातीने तेल धरावे तसे वितळलेले पॉलिएस्टर धरून ठेवते. त्यामुळे असे कापड चांगलेच पेटते. आणि सुती म्हणजे न पेटणारे, असेही कोणी समजू नये. पातळ सुती पदर क्षणात पेटतो. फक्त अंगावर वितळत नाही. चुलीपुढे बसताना पदर खोचलेला हवा, मग साडी कोणतीही असो.

दोऱ्याइतकेच महत्त्व विणीला आहे. मागावर उभा असतो तो ताणा, आडवा जातो तो बाणा. एक वर एक खाली ही साधी वीण. बाणा दोन धाग्यांवरून जाऊन दर ओळीला एक धागा सरकला की तिरप्या रेषांचे ट्विल होते. पोलिसांच्या खाकीचे कापड पाहा. सुयांवर फासे गुंफून होते ते बनियनचे विणकाम. इरकल लुगड्यात अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा वेगळे असतात व ते फाशांनी एकमेकांत अडकवितात, हे वर्गातल्या मुलींना आजीचे लुगडे उलटे करून दाखविले तेव्हा त्या थक्क झाल्या. योहानाच्या शुभवर्तमानात प्रभूच्या बिनशिवणीच्या, वरपासून खालपर्यंत विणलेल्या अंगरख्याचा उल्लेख आहे. त्यावर एकीने इतके प्रश्न विचारले की आमच्या प्रवचनाला कधी कोणी विचारले नाहीत.

कापड उजेडाकडे धरावे. जितका उजेड आरपार दिसेल तितकी वीण विरळ. विरळ, हलके, सैल कापड लवकर पेटते, कारण धाग्याला चोहोकडून हवा मिळते. घट्ट, जड कापड सावकाश पेटते. फ्लॅनेलच्या लवेवरून ज्योत सरसर धावते, म्हणून बाळाच्या दुपट्याजवळ मेणबत्ती नको. औषध फवारतानाही घट्ट विणीचे, पूर्ण बाह्यांचे कापड बरे. मात्र सुती कापड औषध शोषून घेते. ते भिजले तर तेथेच बदलावे, आणि घरच्या धुण्यात न मिसळता वेगळे धुवावे.

आता वर्गाच्या शिस्तीविषयी. ही परीक्षा गेल्या वर्षी आम्हीच मोठ्या उत्साहाने करून दाखविली आणि नायलॉनचा दोरा बोटांतच धरला. एक थेंब अंगठ्यावर पडला. पंधरा दिवस मिस्साग्रंथाचे पान उलटताना त्याची आठवण राहिली. तेव्हापासून सिस्टरांचे नियम चालतात, आमचे नाही. तुकडा दोन बोटांपेक्षा मोठा नाही. लोखंडी चिमटा, खाली वाळू घातलेले पत्र्याचे ताट, शेजारी पाण्याची बादली. केस बांधलेले, ओढणी काढून ठेवलेली. खिडक्या उघड्या, पंखा बंद. एका वेळी एकच जण, आणि मोठे माणूस समोर असल्याशिवाय मेणबत्ती पेटवायची नाही. मुलांनी घरी एकट्याने हा खेळ करू नये, हे पालकांनी पाहावे.

अंगावरचे कापड पेटलेच तर पळू नये. वाऱ्याने आग वाढते. जमिनीवर आडवे होऊन लोळावे, किंवा दुसऱ्याने घोंगडी अथवा ओले गोणपाट टाकून दाबावे. मग भाजलेल्या जागी वीस मिनिटे साधे थंड पाणी. नळ नसेल तर तांब्याने ओतीत राहावे, बर्फ लावू नये. सूज येण्याआधी बांगड्या, अंगठ्या काढाव्यात. चिकटलेले कापड ओढू नये. हळद, शाई, टूथपेस्ट काही नको. स्वच्छ धुतलेल्या सुती कापडाने सैल झाकून दवाखाना गाठावा.

सुयांचा हिशेब रोज संध्याकाळी होतो. मोडक्या सुया एका डब्यात जातात आणि जमीन लोहचुंबकाने पुसली जाते. हे मुलींच्या पायांसाठी आहेच, पण गोठ्यासाठीही आहे. झाडलोटीतली सुई वैरणीत गेली तर गाय ती गिळते. पोटातून ती पुढे सरकून हृदयाच्या आवरणापर्यंत पोचू शकते. सुती व लोकरी चिंध्या शेणखताच्या खड्ड्यात कुजतात, पॉलिएस्टरच्या कुजत नाहीत. वर्षानुवर्षे नांगराच्या फाळाला गुंडाळत राहतील. त्यामुळे वर्गात आता दोन टोपल्या आहेत.

नाताळाच्या देखाव्याबद्दलही आताच सांगून ठेवतो. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील डबवाली येथे शाळेच्या समारंभात कृत्रिम कापडाच्या मंडपाने पेट घेतला आणि ४०० हून अधिक माणसे दगावली, त्यांत मुले पुष्कळ होती. आमच्या ख्रिस्तजन्माच्या गोठ्यामागे दरवर्षी चमकदार निळा पडदा असतो, पुढे मेणबत्त्या असतात आणि भोवती मुले. यंदा मेणबत्त्या वेदीजवळच राहतील. गोठ्याला विजेचे छोटे दिवे लावू. ज्या मंडळांना पडदा द्यावयाचा असेल त्यांनी त्याचा बोटभर तुकडा नोव्हेंबर अखेरपर्यंत सिस्टरांकडे आणून द्यावा.