गाभडलेली गाय आणि घरातला ताप

जनावराचा आजार जनावरालाच होतो, असं गोठ्यात उभं राहून सहज बोललं जातं. जालना जिल्ह्यात टेंभुर्णी, जाफ्राबादच्या पट्ट्यात कापूस-सोयाबीनच्या जोडीला दारात दोन-चार जनावरं बाळगणारी घरं पुष्कळ आहेत. गोठा बहुतेकदा राहत्या घराला लागूनच असतो. माणसाला होणाऱ्या ज्ञात संसर्गजन्य रोगांपैकी सुमारे ६० टक्के रोगांचं मूळ प्राण्यांत आहे, असं जागतिक पशुआरोग्य संघटना सांगते. लसीकरण, कानातला बिल्ला, बाजारबंदी हे सगळं सरकारी कागद भरण्यासाठी असतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

सगळ्यात कमी बोलला जाणारा रोग ब्रुसेलोसिस. पशुवैद्यक त्याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात. गाय पाच महिन्यांच्या पुढे गाभण असताना गाभडली की घरात कारणं शोधली जातात. कुणी म्हणतं उष्णता झाली, कुणी म्हणतं पाय घसरून पडली, कुणाला नजर लागल्यासारखं वाटतं. घसरून पडल्यानेही गाय गाभडू शकते, हे खरं. पण त्या महिन्यांतल्या गर्भपातामागे ब्रुसेलोसिस आहे का, हे तपासल्याशिवाय कळत नाही आणि तपासणी सहसा कुणी करत नाही. रोग असेल तर पडलेलं वासरू, जार आणि त्यासोबतचा स्राव या तिन्हींत जंतू खच्चून भरलेले असतात. जार अडकला की तो उघड्या हाताने ओढून काढायचा आणि उकिरड्यावर फेकायचा, ही आपली रीत. हाताला बारीकशी चीर असली, डोळ्यात शिंतोडा गेला, तरी जंतूंना तेवढी वाट पुरते. गोठा झाडणारी, शेण काढणारी बहुतेकदा घरातली बाई असते, म्हणून धोकाही तिलाच जास्त.

माणसात हा रोग येतो तो तापाच्या रूपाने. ताप चढतो, उतरतो, पुन्हा येतो. रात्री घामाने अंथरूण भिजतं, सांधे आणि कंबर धरते, पुरुषांमध्ये वृषणाला सूज येते. टायफॉइडच्या नाहीतर मलेरियाच्या गोळ्या घेण्यात आठवडे जातात. डॉक्टरसमोर बसल्यावर ‘आमची गाय मध्यंतरी गाभडली होती’ एवढं एक वाक्य सांगितलं तर योग्य रक्ततपासणी लवकर होऊ शकते. उपचार आहेत. पण दोन प्रतिजैविकं साधारण सहा आठवडे न चुकता घ्यावी लागतात. ताप उतरला म्हणून मध्येच सोडली तर रोग उलटतो. माणसासाठी या रोगाची लस आपल्याकडे नाही.

याच रोगाबद्दलचा आणखी एक गैरसमज महागात पडतो. एकदा गाभडलेली गाय पुढच्या वेताला धडधाकट वासरू देते आणि घरातल्यांना वाटतं, गाय बरी झाली. ती दिसायला निरोगी असते, पण तिच्या दुधातून आणि विण्याच्या वेळच्या स्रावातून जंतू बाहेर पडत राहू शकतात. अशी गाय बाजारात विकली की रोग दुसऱ्याच्या दावणीला बांधला जातो.

धारोष्ण दूध ताकदीचं, असं मानणारी जुनी माणसं अजून आहेत. त्यांच्या श्रद्धेचा मान ठेवूनही हे सांगावंच लागेल, की निरसं दूध ब्रुसेलोसिसचे आणि क्षयाचेसुद्धा जंतू वाहून नेऊ शकतं. उकळी आलेल्या दुधात ते जगत नाहीत. उकळल्याने दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम निघून जात नाहीत. नीट शिजवलेला खरवस निर्धास्त खावा.

लस टोचली की दूध आटतं, गाभण जनावर गाभडतं, या भीतीपोटी लसीकरणाच्या दिवशी जनावरं रानात सोडली जातात. यात खरं किती ते पाहू. लाळ्या-खुरकूतची लस दिल्यावर एक-दोन दिवस थोडा ताप, टोचलेल्या जागी गाठ आणि दुधात किंचित घट होऊ शकते. तो परिणाम तात्पुरता असतो. ब्रुसेलोसिसची लस मात्र जिवंत जंतूंची आहे. ती गाभण गायीला दिली तर गर्भपात होऊ शकतो, म्हणूनच ती गाभण जनावराला देत नाहीत. ती फक्त चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि वगारींना, आयुष्यात एकदाच देतात. गोऱ्ह्यांना देत नाहीत. या दोन्ही लसी सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमातून मोफत मिळतात.

पिसाळण्याबद्दलचे समज तर जीवच घेतात. कुत्रा चावल्यावर जखमेत तिखट भरणं, चुना लावणं, तेल ओतणं यांनी विषाणू मरत नाही. जखम मात्र चिघळते. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुणं हा पहिला उपाय. नंतर लगेच सरकारी दवाखान्यात लस. जखम खोल किंवा रक्ताळलेली असेल तर जखमेत द्यायचं वेगळं इंजेक्शनही लागतं. पोटातली चौदा इंजेक्शनं कधीच बंद झाली, आता लस दंडात देतात. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावी, पण ते दहा दिवस उलटण्याची वाट पाहत लस लांबवू नये. लक्षणं दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. गाय-म्हशीलाही तो होतो. जनावर लाळ गाळतं, त्याला गिळता येत नाही, आवाज बदलतो. घशात काही अडकलं असेल म्हणून मालक तोंडात हात घालतो. तसं करू नका, आधी पशुवैद्यकाला बोलवा. अशा जनावराचं उकळलेलं दूध प्यायल्याने रोग होत नाही. पण लाळ जखमेला लागली असेल तर लस घ्यावीच लागते.

मेलेलं जनावर ओढ्यात टाकू नये, त्याचं कातडं काढू नये. अचानक मेलेल्या जनावराच्या नाकातोंडातून न गोठणारं काळपट रक्त येत असेल तर तो फाशी रोग असू शकतो. शरीर उघडलं की हवा लागून जंतूंचे कठीण बीजाणू होतात आणि मातीत अनेक वर्षं टिकतात. खोल खड्डा, त्यात चुना, वर माती, आणि आधी पशुवैद्यकीय दवाखान्याला खबर.

काही ठिकाणी मात्र आपण उगाच घाबरतो. २०२२ मध्ये लंपी राज्यभर पसरला तेव्हा अनेकांनी दूध बंद केलं. लंपी माणसाला होत नाही, तो डास, माश्या, गोचीड यांच्यामार्फत जनावरांत पसरतो. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात बर्ड फ्लूने शेकडो कोंबड्या मेल्या, तेव्हाही चिकन खाण्याची धास्ती पसरली. पूर्ण शिजलेल्या चिकन-अंड्यांत तो विषाणू राहत नाही. धोका आजारी किंवा मेलेली कोंबडी हाताळण्यात आहे.

आता कायद्याबद्दल. प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांचा केंद्रीय कायदा २००९ चा आहे. ब्रुसेलोसिस, फाशी, रेबीज, लंपी हे सगळे त्याच्या यादीत आहेत. यांपैकी एखाद्या रोगाचा संशय आला तर ग्रामपंचायतीला कळवणं ही पशुपालकाचीच जबाबदारी आहे. कळवलं तर जनावरं जप्त होतात, ही समजूत खोटी आहे. कळवल्यावर तपासणी होते, रोगी जनावर वेगळं बांधायला सांगतात, गरज पडली तर त्या भागात बाजार बंद होतो. कानातल्या बिल्ल्याचंही तसंच. १ जून २०२४ पासून महाराष्ट्रात बिल्ला नसलेल्या जनावराच्या खरेदी-विक्रीला बंदी आहे. त्या बारा अंकी क्रमांकावरून जनावराला कोणत्या लसी दिल्या आहेत ते कळतं, म्हणजे बाजारात गाय घेताना तुमचंच संरक्षण होतं.

तुमच्या गोठ्यात चार महिने पूर्ण झालेली कालवड असेल तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर ब्रुसेलोसिसच्या लसीची चौकशी आजच करा. आठ महिन्यांची झाल्यावर या कार्यक्रमात तिला ती लस मिळत नाही.