मोडटेस्टमधला बदल तपासताना

लिनक्सवर ग्राफिक्स ड्रायव्हर लिहिणारे लोक ‘मोडटेस्ट’ ही छोटी कमांड रोज वापरतात. लिबडीआरएम लायब्ररीच्या कोडसोबतच ती मिळते. डेस्कटॉपला मध्ये न घेता ती थेट कर्नलशी बोलते, जोडलेले स्क्रीन आणि त्यांचे मोड दाखवते, सांगितलेला मोड लावून पडद्यावर रंगीत पट्टे उमटवते. हीच कमांड चुकली तर खापर ड्रायव्हरवर फुटतं. म्हणून तिच्यातला लहानसा पॅचही नीट वाचावा लागतो.

एक बदल जवळून पाहू. पूर्वी मोडटेस्ट रिफ्रेश रेट पूर्णांकात धरायची. पुढे तो दशांशात आला. गरज का पडली? पिक्सेल क्लॉकला ओळीतल्या एकूण पिक्सेलनी आणि एकूण ओळींनी भागलं की रेट निघतो. 1920 बाय 1080 च्या नेहमीच्या मोडमध्ये न दिसणारा भाग धरून 2200 पिक्सेल आणि 1125 ओळी असतात. क्लॉक 148.5 मेगाहर्ट्झ असेल तर रेट बरोबर 60; 148.352 असेल तर 59.94. जवळच्या पूर्णांकात आणलं की दोन्ही 60च दिसतात, मग हवा तो मोड निवडणार कसा?

असा पॅच वाचताना आधी भागाकार पाहावा. सी भाषेत दोन्ही संख्या पूर्णांक असतील तर दशांश भाग गळतो आणि उत्तर दशांश चलात ठेवूनही 59च येतं. म्हणून किलोहर्ट्झमधला क्लॉक हर्ट्झमध्ये नेणारा गुणक 1000 नव्हे, 1000.00 लिहितात. मग तुलना पाहावी. वापरणारा 59.94 टाइप करतो, हिशेबात 59.9402 येतं, काटेकोर बरोबरी कधीच जुळणार नाही. त्यामुळे 0.005 पेक्षा कमी फरक चालवून घेतात. शेवटी, रेट दिलाच नाही तर सांगितलेल्या नावाचा पहिला मोड पूर्वीसारखाच मिळतो ना, हेही बघावं. जुन्या स्क्रिप्ट त्यावरच चालतात.

त्यानंतर कमांड चालवून पाहावी. डेस्कटॉप बंद करून टेक्स्ट कन्सोलवर जावं, कारण मोड बदलण्याचा ताबा एका वेळी एकाच प्रोग्रामकडे असतो. जादा स्क्रीन नसेल तर लिनक्स 4.19 पासून आलेला व्हीकेएमएस हा आभासी ड्रायव्हर बऱ्याच गोष्टींना पुरतो. रंग मात्र खऱ्या पडद्यावरच पाहावेत.

कमांड फक्त चालवून पाहिली असेल तर पॅचला ‘टेस्टेड-बाय’ ही नोंद द्या. ‘रिव्ह्यूड-बाय’खाली नाव घालायचं असेल, तर हिशेब आधी स्वतः कागदावर मांडा.